आजचं चिंतन : शेवट आधीच सांगणारा संजय



सिरीजचा शेवट कुणी आधीच सांगितला की आपण चिडतो. 'स्पॉयलर नको ना देऊस!' आता महाभारतात काय केलंय बघा.

आपल्याला वाटतं, कुरुक्षेत्रावर जे घडतंय ते संजय त्याच क्षणी धृतराष्ट्राला सांगतोय. पण भीष्मपर्वात तसं नाही. युद्धाचे 10 दिवस झाल्यावर संजय रणांगणावरून येतो आणि पहिलीच बातमी देतो : भीष्म पडले. धृतराष्ट्र कोसळतो. मग विचारतो, हे झालं कसं? तेव्हा संजय पहिल्या दिवसापासून सांगायला लागतो आणि त्यातच गीता येते.

शेवट कळला म्हणून कथेतली गंमत गेली का? उलट ओढ वाढली. पहिल्या अध्यायात दुर्योधनाला धीर यावा म्हणून भीष्म शंख फुंकतात. हेच आजोबा दहाव्या दिवशी बाणांवर पडणार, हे आपल्याला माहीत असतं. म्हणून तो शंख वेगळाच ऐकू येतो. 'पुढे काय?' हा प्रश्न मागे पडतो आणि 'हे टळलं असतं का?' हा प्रश्न समोर येतो.

इथे खरी गोष्ट आहे. ऐकणाऱ्यासाठी जी उत्कंठा असते, ती कथेतल्या माणसासाठी सूचना असते. धृतराष्ट्राला सूचना काय कमी मिळाल्या? दुर्योधनाच्या जन्मावेळचे अपशकुन. द्यूताआधी विदुराने दिलेला इशारा. युद्धाआधीची ती झोप उडालेली रात्र, जेव्हा विदुर त्याला समजावत बसला होता. त्याने सगळं ऐकलं, 'खरं आहे तुझं' असंही म्हणाला, आणि केलं काहीच नाही.

आणखी एक. युद्ध एकूण 18 दिवसांचं. म्हणजे धृतराष्ट्राने गीता ऐकली तेव्हा 8 दिवस शिल्लक होते. द्रोण, कर्ण, अभिमन्यू, त्याचे कितीतरी मुलगे तेव्हा जिवंत होते! तो राजा होता, थांबवायचा प्रयत्न तरी करू शकला असता. पण त्याने विचारलं काय? माझ्या मुलांनी आणि पांडवांनी काय केलं? अर्जुनाने विचारलं, मी काय करू? गीता दोघांच्याही कानावर पडली. बदलला एकच.

आपणही कथा ऐकतो आणि आपल्याच कथेत जगतोही. आईचा फोनवरचा थकलेला आवाज, मित्राचं हल्ली गप्प राहणं, आपलाच वाढत चाललेला राग, हे सगळे संकेत आहेत. शेवट अजून लिहिलेला नाही, एवढाच काय तो फरक. आणि तीच देवाची कृपा.

आज एवढंच करूया. गेले काही दिवस जो संकेत दिसतोय आणि आपण 'बघू पुढे' म्हणतोय, तो एक निवडू. त्याच्यासमोर अर्जुनाचा प्रश्न ठेवू : मी काय करू?

श्रीकृष्णार्पणमस्तु.