बातमीची फेरी

30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या डोंगरात एसटीची एक गाडी नेहमीच्या रस्त्याने निघाली होती. माळीणच्या जागी आली तेव्हा चालकाला गाव दिसलं नाही. घरं नव्हती, झाडं नव्हती, डोंगर खाली उतरून आलेला होता आणि सगळीकडे चिखल होता. त्याने ही खबर बाहेर पोहोचवली. मग यंत्रणा हलली, वाहिन्यांच्या गाड्या आल्या, माळीणचं नाव देशभर झालं. दीडशेच्या आसपास माणसं त्या दरडीखाली गेली.

या घटनेतला एसटीचा चालक माझ्या मनातून जात नाही. त्या काळात आकाशात उपग्रह होते, खिशाखिशांत मोबाइल होते. तरी एक आख्खं गाव नाहीसं झाल्याची बातमी आणली ती त्या वाटेने नेहमी जाणाऱ्या माणसाने. गाव कुठे असतं हे त्याला माहीत होतं, म्हणूनच ते तिथे नाही हे त्याला कळलं. बाहेरून पहिल्यांदाच येणाऱ्याला तिथे नुसता चिखल दिसला असता.

गावोगावच्या बारीकसारीक बातम्यांचा विचार करताना मी त्या एसटीच्या फेरीशी येऊन थांबतो. कोणीतरी एका ठिकाणी पुन्हापुन्हा जातं, कालचं आजशी ताडून पाहतं, तेव्हा बातमी तयार होते. महाराष्ट्रात अशा फेऱ्या पूर्वी बऱ्याच होत्या. कोतवाल दवंडी पिटत आळीआळीने फिरायचा. पोस्टमन पत्राबरोबर शेजारच्या वाडीचं वर्तमान आणायचा. तलाठी चावडीवाचन करायचा तेव्हा सातबाऱ्यावर कोणाचं नाव चढलं, कोणाचं उतरलं हे सगळ्यांसमक्ष मोठ्याने कळायचं, आणि हरकत असेल तर माणूस तिथेच उभा राहायचा. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-नगर रस्त्यावर धावली. पुढच्या काही दशकांत लाल गाडी वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली आणि तिच्याबरोबर वर्तमानपत्राचे गठ्ठेही. उलट दिशेनेही वाहतूक होती. तालुक्याचा वार्ताहर हाताने लिहिलेल्या बातम्या पाकिटात घालून जिल्ह्याच्या गाडीला द्यायचा. सकाळी त्याच रस्त्याने त्या छापून परत यायच्या. बातमी आणि प्रवासी एकाच गाडीने हिंडत होते, ही मला आपल्या राज्याच्या घडणीतली मोठी गोष्ट वाटते.

मराठी पत्रकारितेचा इतिहास सांगताना आपण दर्पण, केसरी अशी मोठी नावं घेतो. 6 जानेवारी 1832 ही दर्पणची तारीख दरवर्षी पत्रकार दिन म्हणून पाळतो, आणि ते योग्यच आहे. पण मला मुकुंदराव पाटलांचं दीनमित्र जास्त आठवतं. सत्यशोधक विचारांचं हे साप्ताहिक 1910 मध्ये सोमठाण्यातून निघालं, पुढे नेवासा तालुक्यातल्या तरवडीतून निघत राहिलं आणि 1967 पर्यंत चाललं. मुकुंदराव कृष्णराव भालेकरांचे चिरंजीव, दत्तक गेलेले. भालेकरांनी 1877 मध्ये पुण्यात दीनबंधु काढलं होतं. मुलाने छापखाना खेड्यात नेला. खेड्यात बसून, खेड्यातल्या माणसाच्या प्रश्नांवर, सत्तावन्न वर्षं! सावकारी, अंधश्रद्धा, शेतकऱ्याची नागवणूक हे विषय शहरात बसून लिहिणारेही होते. मुकुंदरावांच्या भोवती मात्र तो सावकार आणि तो शेतकरी प्रत्यक्ष वावरत होते. लिहिलेलं चुकलं असतं तर दुसऱ्या दिवशी पारावर कोणीतरी सांगितलंच असतं. संपादकाला वाचक रस्त्यात भेटतो, ही शिस्त छापील नियमांपेक्षा कडक असते.

नानासाहेब परुळेकरांनी 1 जानेवारी 1932 ला सकाळ सुरू केला तेव्हा मतापेक्षा बातमीला, आणि त्यातही लोकांच्या रोजच्या जगण्याच्या बातमीला, जागा दिली. अमेरिकेत शिकून आलेला हा संपादक ठिकठिकाणी बातमीदार नेमत होता. भाजीपाल्याचे बाजारभाव छापणं त्या काळच्या विद्वानांना पत्रकारितेत बसणारं वाटलं नसेल. शेतकऱ्याला मात्र दलालाने आज काय भाव सांगितला आणि पेपरात काय आला हे ताडून पाहता यायला लागलं.

आता आतल्या पानांकडे या. 'पुलाची दुरुस्ती करण्याची ग्रामस्थांची मागणी.' 'शाळेची इमारत धोकादायक.' 'रोहित्र जळाल्याने आठ दिवसांपासून गाव अंधारात.' 'टँकरच्या खेपा वाढवा.' अशा मथळ्यांवरून आपली नजर घसरते. वर्षानुवर्षं तीच वाक्यं, तोच 'संताप व्यक्त होत आहे'. शिकलेल्या वाचकाला ही भाषा शिळी वाटते. मला ती अर्जाची भाषा वाटते. ज्याला मंत्रालयाचा जिना माहीत नाही, त्याने चार ओळींत केलेला हा अर्ज असतो, आणि छापून आला म्हणजे त्यावर तारीख पडते. ही तारीख फार मोलाची आहे. पुढे कोणी 'आम्हाला कल्पनाच नव्हती' म्हणालं, तर जुना अंक काढून दाखवता येतो.

15 जून 2025 ला मावळ तालुक्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला. रविवार होता, पर्यटकांची गर्दी होती. चार माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. त्या दिवशी ती सगळ्यांची पहिल्या पानाची बातमी झाली. पण पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे आधीपासून होता. नव्या पुलाची मागणी जुनी होती, त्यासाठी निधीही मंजूर झालेला होता. म्हणजे बातमीचे सगळे तुकडे तिथेच पडलेले होते. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चाललं आहे. त्यावरचा प्रत्येक खड्डा कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या छोट्या पत्रात नोंदला गेला असेल. मोठ्या अपघाताच्या आधी छोट्या बातम्यांची रांग उभी असते, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता आतलं पान आधी उघडतो.

ही रांग लावणारा माणूस कोण असतो, त्याची स्थिती काय असते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तालुक्याचा वार्ताहर बहुधा पूर्णवेळ नोकर नसतो. त्याचं कृषी सेवा केंद्र असतं, झेरॉक्सचं दुकान असतं, कधी तो पेपरचा एजंटही असतो. मानधन छापून आलेल्या मजकुराच्या सेंटीमीटरवर मोजलं जातं, नाहीतर महिन्याला एक ठरावीक किरकोळ रक्कम मिळते. त्यावर घर चालत नाही, म्हणून त्याच्याकडे जाहिरातींचं काम येतं. दिवाळी, वर्धापनदिनाची पुरवणी, पुढाऱ्याचा वाढदिवस, प्रत्येक वेळी त्याला उद्दिष्ट दिलेलं असतं. तालुक्यात जाहिरात देऊ शकणारे असतात तरी किती? बँक-पतसंस्थांचे संचालक, कारखान्याचे अध्यक्ष, शिक्षणसंस्थेचे चालक आणि ठेकेदार. ज्या ठेकेदाराने रस्ता केला त्याच्याच ऑफिसात दिवाळीच्या आधी पावतीपुस्तक घेऊन बसायचं आणि पावसाळ्यात तोच रस्ता उखडला म्हणून लिहायचं, हे एकाच माणसाकडून कसं व्हावं? 2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रातल्या पेड न्यूजची चर्चा झाली, प्रेस कौन्सिलच्या समितीनेही त्यात लक्ष घातलं. त्या चर्चेत मोठ्या मालकांकडे बोट होतं आणि ते असायलाच हवं होतं. पण पावतीपुस्तक वार्ताहराच्या हातात कोणी दिलं, हा प्रश्न तालुक्यापर्यंत आलाच नाही.

आणि इतकं असूनही माणसं लिहितात. राजापूर तालुक्यात शशिकांत वारिशे बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाबद्दल लिहीत होते. 6 फेब्रुवारी 2023 ला त्यांची एक बातमी छापून आली आणि त्याच दिवशी ते दुचाकीवरून जात असताना एका मोटारीने त्यांना चिरडलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला, पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा विधिमंडळाने 2017 मध्येच मंजूर केला होता. राजधानीतल्या पत्रकाराच्या मागे निदान त्याच्या संस्थेचं नाव असतं. तालुक्यातल्या माणसाचं घर कुठे आहे, मुलं कुठल्या शाळेत जातात, तो संध्याकाळी कुठल्या रस्त्याने परततो, हे ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्यालाही ठाऊक असतं. तालुक्याची बातमी लिहिण्यात हा धोका रोजचा आहे.

आज बातम्यांना तोटा नाही, असं कोणी म्हणेल. प्रत्येक गावाचा, प्रत्येक प्रभागाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पाणी किती वाजता येणार, लाइट कधी जाणार, कोणाच्या घरी दुःखद घटना घडली, दशक्रिया कुठे आहे, सगळं क्षणात कळतं. महापुरात याच ग्रुपांवरून होड्या मागवल्या गेल्या, औषधं पोहोचली. ते मी नाकारत नाही. पण 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात काय झालं तेही आठवावं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. आठवडी बाजाराचा दिवस होता. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फेरी करणारी ही माणसं. एके काळी तीसुद्धा या गावचं वर्तमान त्या गावाला सांगायची. कुठलीही फेरी न केलेल्या मजकुराने फेरी करणाऱ्यांचा जीव घेतला. तो मजकूर कोणी लिहिला हे त्या जमावातल्या एकालाही सांगता आलं नसतं. खाली नाव नव्हतं, गाव नव्हतं, तारीख नव्हती. चार शब्दांच्या बातमीच्या वर कंसात 'वार्ताहर' असं छापलेलं असतं, त्याची किंमत मला त्या दिवशी कळली.

शहरांची कथा वेगळी नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक व्हायला 2026 चा जानेवारी उजाडला. राज्यातल्या बहुतेक महापालिकांत, जिल्हा परिषदांत वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. गटार तुंबलं तर कोणाचं दार वाजवायचं? नगरसेवक कितीही नावडता असो, त्याचं दार माहीत असतं. या काळात स्थायी समितीत प्रश्न विचारायला कोणी नव्हतं, आणि सभाच नाही तर सभेची बातमी कुठून येणार! लोकांचं रागावणं ग्रुपवर खड्ड्याचा फोटो टाकण्यापर्यंत आलं. दुसऱ्या दिवशी त्या फोटोवर शंभर शुभेच्छा चढलेल्या असतात आणि खड्डा खाली निघून जातो.

ग्रुपमधून नेमकी हीच गोष्ट सुटते. जुन्या बातमीदारीत तिला पाठपुरावा म्हणत. ग्रामसभेत ठराव झाला, पुढे काय? काम मंजूर झालं, कार्यारंभ आदेश निघाला का? निघाला तर ठेकेदार आला का? या प्रश्नांना धाव लागत नाही, चिकाटी लागते.

आमच्या गावाच्या रस्त्यावर एक मोरी होती. पावसाळ्यात तिच्यावरून पाणी गेलं की पलीकडच्या वस्तीची मुलं चार-चार दिवस शाळेत येत नसत. आमच्या तालुक्याचे एक वार्ताहर दरवर्षी जूनमध्ये त्यावर बातमी द्यायचे. तेच फोटो, तीच मागणी. मी एकदा त्यांना म्हटलं, "काका, तुमची ही बातमी आता पाठ झाली." ते म्हणाले, "तुला पाठ झाली, साहेबांना अजून व्हायची आहे." सातव्या वर्षी मोरीच्या जागी छोटा पूल झाला. उद्घाटनाचा फोटो पहिल्या पानावर आला, त्यात काका नव्हते.

त्या पावसाळ्यात पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री दहाच्या सुमारास त्यांचा फोन आला. बॅटरी घेऊन ये म्हणाले. आम्ही पुलापाशी गेलो. त्यांनी कठड्यावर खडूने एक रेघ मारली, खाली वाकून पाणी कुठवर आलं आहे ते पाहिलं, आणि वहीत तारीख घालून आकडा लिहिला.