चुकांची वही

हातच्याची वजाबाकी शिकवणाऱ्या प्रत्येक बाईंना आणि गुरुजींना हे उत्तर ओळखीचे आहे: ५२ वजा १७ बरोबर ४५. उत्तर चुकले हे कोणालाही दिसेल. पण अनुभवी शिक्षक फुली मारायच्या आधी विचारतो, "कसं केलंस, सांग बरं." मूल सांगते, "सातातून दोन गेले, पाच. पाचातून एक गेला, चार." म्हणजे मूल हुशार आहे आणि वजाबाकी त्याला येते. फक्त कोणता अंक वर आहे आणि कोणता खाली, हे न पाहता त्याने मोठ्यातून लहान वजा केले. त्याला आणखी वीस उदाहरणे देऊन उपयोग नाही. काड्यांचा एक गठ्ठा सोडून दशक सुटा करून दाखवला पाहिजे. हे सगळे निदान त्या एका चुकीतून झाले. त्याच वहीत ३५ लिहिलेले असते, तर शिक्षक पुढच्या वहीकडे वळला असता.

शिक्षणातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल शिक्षकांचे मत विचारताना आपण बहुधा त्यांच्या नोकरीबद्दल विचारतो. यंत्र तुमची जागा घेईल का? ज्या शिक्षकांशी माझे बोलणे झाले, त्यांना ही चिंता फारशी नाही. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्याला आपली जागा कोणी घेईल असे वाटतही नाही. त्यांची काळजी वेगळी आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. माध्यमिक शाळांत गृहपाठ आता बिनचूक येऊ लागला आहे. निबंधात व्याकरणाची चूक नाही, गणितात पायऱ्या नीटनेटक्या, विज्ञानाची उत्तरे मुद्देसूद. आणि त्याच मुलाला फळ्यापाशी उभे केले की त्याला पहिली पायरीही सुचत नाही. शिक्षकाला मुलाच्या डोक्यात डोकावायची जी खिडकी होती, ती बंद होत चालली आहे.

ही काळजी जुन्या वळणाच्या माणसांची कुरकुर नाही. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये मांडले. मुलांच्या तीन गटांपैकी पहिल्याला सरावासाठी साधा चॅटजीपीटीसारखा सोबती दिला, तर तिसऱ्या गटाकडे फक्त नेहमीची पुस्तके आणि वह्या होत्या. हा सोबती असलेल्या मुलांची सरावातली कामगिरी पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी सरस ठरली. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुले पुस्तकवाल्यांच्या १७ टक्के मागे पडली. आणि आपण कमी शिकलो, हे त्यांना जाणवलेही नव्हते.

दुसऱ्या गटाची गोष्ट मात्र प्रत्येक शिक्षकापर्यंत पोचायला हवी. त्यांच्या सोबत्याला थेट उत्तर देण्याची मुभा नव्हती, फक्त इशारे द्यायचे होते. शिवाय प्रत्येक उदाहरणात मुले कुठे चुकतात आणि तिथे त्यांना काय सांगायचे, हे शिक्षकांनी आधी लिहून दिले होते. या मुलांची सरावात १२७ टक्के सुधारणा झाली आणि परीक्षेत पहिल्या गटासारखे नुकसान झाले नाही. परीक्षेत ती पुस्तकवाल्यांच्या पुढेही गेली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. दोन्हीकडे यंत्र तेच होते. या गटाच्या सोबत्यात शिक्षकाचे चुकांविषयीचे ज्ञान ओतलेले होते, पहिल्या गटाच्या सोबत्यात नव्हते.

आपल्याकडे चर्चा वेगळ्याच बाजूला जाते. मुलाने यंत्राकडून लिहून घेतले का, हे पकडण्यासाठी सॉफ्टवेअर विकत घ्या, असा आग्रह धरला जातो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच असा मजकूर ओळखणारे आपले साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. स्टॅनफर्डच्या संशोधकांना असे आढळले की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध अशा साधनांनी यंत्राचे ठरवले. मराठी माध्यमातून अकरावीला आलेली, पाठ केलेल्या साध्यासोप्या इंग्रजीत लिहिणारी मुलगी आधी याच्या तावडीत सापडेल. तिच्यावर खोटेपणाचा आळ घेण्यापेक्षा तिला पाच मिनिटे तोंडी विचारणे अधिक न्यायाचे आहे आणि अधिक खरेही आहे. पण साठ-सत्तर मुलांच्या वर्गात ती पाच मिनिटे आणायची कुठून?

इथे शिक्षक यंत्राचे मनापासून स्वागत करतात आणि तेही रास्त आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी आठवा. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, असे रकाने प्रत्येक मुलासाठी भरायचे. 'स्पष्ट उच्चारात वाचन करतो', 'गटकार्यात उत्साहाने भाग घेतो' अशा आयत्या वाक्यांच्या पीडीएफ व्हॉट्सअॅपवर कितीतरी वर्षे फिरत आहेत. ही कामे यंत्राने केली तर मुलांचे काहीही बिघडत नाही. पाठाचे टाचण, सरावाच्या प्रश्नांचे तीन वेगवेगळ्या पातळ्यांवरचे संच, पालकांना पाठवायची सूचना, यांतही त्याची खरी मदत होते. अमेरिकेत गॅलपने २०२५ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, दर आठवड्याला एआय वापरणाऱ्या शिक्षकांचे त्यांच्याच अंदाजाने आठवड्याला सरासरी ५.९ तास वाचतात.

हे तास महाराष्ट्रातल्या शिक्षकाचे वाचले तर ते जातील कुठे? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. तरीही ऑनलाइन माहिती भरण्याचा तगादा काही थांबत नाही. टाचणाचा वाचलेला तास आणखी एका लिंकवर माहिती भरण्यात जाणार असेल, तर यंत्र आणून वर्गाच्या पदरात काही पडणार नाही. म्हणून एआयच्या प्रत्येक प्रशिक्षणाच्या आदेशात कोणते नवे काम सुरू होईल यासोबत कोणते जुने बंद होईल, हेही लिहिलेले असले पाहिजे.

प्रशिक्षणाचे स्वरूपही बदलावे लागेल. सध्या पडद्यावर ॲप दाखवतात, सगळे लॉगिन करतात, फोटो निघतो. त्याऐवजी केंद्राच्या शिक्षण परिषदेला प्रत्येकाने आपल्या वर्गाच्या वह्या घेऊन यावे. तिसरीची मुले वजाबाकीत कुठे अडतात, सातवीची अपूर्णांकांत, नववीची विभक्तिप्रत्ययांत, हे सगळ्यांनी मिळून टिपावे. प्रत्येक चुकीसमोर आपण मुलाला कोणता प्रश्न विचारतो, तेही लिहावे. दोन-तीन वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांतून अशा नोंदी जमल्या, तर मराठीत मुलांच्या विचारांचा असा साठा तयार होईल, जो कोणत्याही कंपनीकडे आयता मिळणार नाही. मग यंत्र कोणाचेही असो, त्याने काय विचारावे आणि कुठे थांबावे, हे सांगणारी माणसे आपली असतील.