छावणीची शुद्धता व घरचा संडास

(वाचावयाची वचने : अनुवाद २३:१२-१४, योहान १३:१-१७)



पवित्र शास्त्रात काही वचने अशी आहेत की, त्यांवर उपदेश ऐकल्याचे आपणांपैकी कोणास क्वचितच स्मरत असेल. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायातील ही तीन वचने त्यांपैकीच होत. उपासनेत ती वाचावयाची वेळ आली तर वाचणारा आवाज खाली आणतो आणि लगबगीने पुढे जातो. परंतु ज्याने सीनाय पर्वतावर दहा आज्ञा दिल्या त्यानेच हीही आज्ञा दिली आहे. इस्राएल लोक लढाईस निघून छावणी देऊन राहिले असता प्रत्येकाने शौचासाठी छावणीबाहेर नेमलेल्या जागी जावे, आपल्या सामानात खणण्याचे एक हत्यार बाळगावे, खड्डा करावा आणि आपला मळ मातीने झाकून मग परतावे, असा तिचा भावार्थ आहे. हिचे जे कारण दिले आहे ते रोगराईचे नव्हे, हे ध्यानात घ्यावे. परमेश्वर त्या छावणीमधून फिरत असतो, म्हणून त्याच्या दृष्टीस किळसवाणे काही पडू नये, हे ते कारण.

ह्या आज्ञेत जे सांगितले आहे त्याहूनही, जे सांगितलेले नाही त्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. लेव्यांस निवासमंडपाची सेवा नेमून दिली होती. गिबोनकरांनी कपट केले म्हणून यहोशवाने त्यांस लाकूडतोडे व पाणके करून ठेवले. पण दुसऱ्याचा मळ उचलण्यासाठी एखादे कूळ किंवा एखादी जात नेमल्याचे सबंध नियमशास्त्रात आम्हांस कोठे आढळत नाही. सरदार असो की साधा शिपाई असो, खणण्याचे हत्यार ज्याचे त्याच्या सामानात.

आमच्या देशात ह्याच्या अगदी उलट झाले. येथे एकाने घाण करावी आणि दुसऱ्याने, तेही जन्माने ठरलेल्या दुसऱ्याने, ती उचलावी अशी रीत पडली. ही रीत बंद करण्यास संसदेला १९९३ साली एक कायदा करावा लागला, आणि तो पुरेसा न ठरल्याने २०१३ साली दुसरा करावा लागला. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरी वारीच्या दिवसांत नदीकाठची घाण माणसांच्या हातांनी उचलली जात असे, आणि तो प्रश्न मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. गटारांत व मैल्याच्या टाक्यांत उतरून गुदमरून मेलेल्यांच्या कुटुंबांस दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरविले, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली ह्याचा अर्थ मरणे थांबली नाहीत, असाच होतो.

आता आम्ही एका अवघड गोष्टीकडे येतो. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांचे वाडवडील गावगाड्यात सर्वांत खालच्या पायरीवर उभे होते. वेस झाडणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे त्यांच्या माथी होती. म्हणून खराट्याचे नाव काढताच आपल्यातील तरुण माणसे ताठ होतात. “आमच्या आजोबांनी खराटा टाकला तो नातवाने पुन्हा उचलावा म्हणून नव्हे,” असे ती म्हणतात. ह्या बोलण्यास उद्धटपणा म्हणणारे काही वडीलधारे आहेत. आम्ही त्यास उद्धटपणा म्हणत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हाच आक्षेप मोठ्या तीव्रतेने मांडला आहे. सफाईचे काम थोर आहे असे ज्याला ते करणे भागच आहे अशालाच सांगावयाचे, आणि दुसऱ्या कोणालाही सांगावयाचे नाही, ही त्यांच्या मते क्रूर थट्टा होती. हे त्यांचे म्हणणे खोडून काढता येईल असे आम्हांस वाटत नाही.

परंतु ह्या न्याय्य अभिमानाच्या आड काय चालते तेही पाहिले पाहिजे. २०१४ साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यापासून सरकारने बारा हजार रुपयांपर्यंत साहाय्य देऊन गावोगावी संडास बांधविले. आपल्या पुष्कळ लोकांच्या अंगणातही ते उभे राहिले. त्यांतील काहींत आज गोवऱ्या व कडबा आहे. काही वापरात आहेत. पण आत पाऊल टाकवत नाही, म्हणून घरातील पुरुष पहाटे पुन्हा ओढ्याकडेच जातात. आणि जे स्वच्छ आहेत ते कोणाच्या हाताने स्वच्छ आहेत? विचारून पाहावे. बहुधा घरातील सर्वांत धाकट्या सुनेच्या हाताने. ज्याने खराटा टाकला त्याने तो भूमीवर टाकला नाही, सुनेच्या हाती दिला. मंडळीच्या आवारातील संडासाची गोष्ट ह्याहून खेदाची आहे. हंगामाच्या उपासनेस पाहुणे यावयाचे झाले म्हणजे काही ठिकाणी पंच लोक शहरातून कोणास तरी बोलावतात. तो कोणत्या समाजाचा असतो हे सांगावयास नको. त्याला पैसे देतात, वरून पाणी ओततात, पण त्याच्या हातात हात देत नाहीत. आणि मग आत जाऊन प्रभुभोजनात एकाच भाकरीचे वाटेकरी होतात. गावाने आपल्या आजोबांस जे केले तेच आपण आज दुसऱ्याच्या नातवास करीत नाही काय?

तेव्हा लाज कशात होती ते नीट ओळखले पाहिजे. घाणीला हात लावण्यात लाज नव्हती. आई दिवसातून दहादा तो लावते. आपली घाण दुसऱ्याच्या जन्माशी बांधून टाकण्यात ती लाज होती, आणि ती बांधणाऱ्याची होती. आपल्या घरचा संडास आपण धुणे ही गावकी नव्हे. ती मोशेच्या छावणीतील रीत आहे. जो आपला संडास स्वतः धुतो तो कोणाचा गुलाम होत नाही, आणि कोणाला गुलामही करीत नाही.

आपल्या प्रभूने शेवटच्या रात्री काय केले? चाकराचे काम करावयास खोलीत कोणी नव्हते. शिष्यांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत असावा, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. तेव्हा प्रभू उठला, वस्त्रे काढून ठेवली, रुमाल कमरेस बांधला आणि गंगाळात पाणी ओतले. पेत्राला ते सहन झाले नाही. हे काम गुरूचे नव्हे, असे त्याला वाटले. परंतु योहान स्पष्ट सांगतो की, आपण देवापासून आलो व देवाकडे जात आहो हे ठाऊक असतानाच येशूने तो रुमाल बांधला. आपण कोण आहोत हे ज्याला पक्के ठाऊक असते त्याला खाली वाकण्याचे भय वाटत नाही.

आपल्या महाराष्ट्रात, मंडळीबाहेरच्या लोकांतही, हे ओळखणारे झाले. गाडगेबाबा (१८७६-१९५६) दिवसा गाव झाडीत व रात्री कीर्तन करीत. अप्पासाहेब पटवर्धन ह्यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपणांस करू द्यावे म्हणून अन्न सोडले, आणि त्यांच्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपवास केला. ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांनीच करावयाचे असा तुरुंगातला शिरस्ता होता, आणि ब्राह्मण असलेल्या अप्पासाहेबांस तो मोडावयाचा होता. पुढे कोकणात कणकवलीस त्यांनी गोपुरी आश्रम काढला व मैल्याचे खत करणारे संडास बांधून दाखविले. बाहेरच्यांनी इतके केले असता आपण केवळ रुमालाचे वर्णन वाचून समाधान मानावे, हे बरे दिसत नाही.

असो. आता हाताच्या कामाकडे वळू. त्यासाठी बाजारातील महाग बाटल्या लागत नाहीत. आपल्याकडे पाऊस बेताचा, आणि विहिरी व कूपनलिकांचे पाणी जड. ह्या पाण्यात विरघळलेला चुना भांड्यावर बसत जातो, त्यात मूत्राचे क्षार मिसळतात, आणि पिवळा, दगडासारखा थर धरतो. दुर्गंधी बहुतेक त्या थरात असते. तो साबणाने जात नाही, आंबटाने जातो. तांब्याभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व विरघळवावे. ते वाण्याकडे थोड्या पैशांत मिळते. शिरका असल्यास तोही चालेल. दोन्ही नसल्यास पिळलेल्या लिंबांच्या साली किंवा सारासाठी कोळून उरलेला चिंचेचा चोथा मिठाबरोबर घ्यावा. गुण कमी, पण येतो. आधी कुंच्याने भांड्यातील पाणी आत ढकलावे, मग हे आंबट पाणी डागांवर ओतून रात्रभर राहू द्यावे व सकाळी घासावे. जुना थर एका रात्रीत जात नाही; चार-पाच रात्री करावे लागेल. फरशी सिमेंटची असल्यास आंबट तीवर साचू देऊ नये, ते सिमेंट खाते.

फरशी व पायठे ह्यांचा चिकटपणा धुण्याच्या सोड्याने निघतो. चुलीची चाळलेली राख ओल्या काथ्यावर घेऊन घासली तरी चालते. पण चिमूटभरच, कारण ओंजळीने टाकलेली राख नळीत बसते. विटेचा चुरा किंवा वाळू मात्र कधी वापरू नये. भांड्याच्या गुळगुळीत अंगावर ओरखडे पडतात व पुढे त्यांतच घाण धरते. पुष्कळ लोक खाण्याचा सोडा व शिरका एकत्र ओततात आणि फेस पाहून संतुष्ट होतात. तो फेस म्हणजे दोघांनी एकमेकांची शक्ती मारल्याची खूण होय. आंबट एके दिवशी व सोडा दुसऱ्या दिवशी, असे करावे.

एक गोष्ट मात्र खेळीमेळीची नाही. ब्लीचिंग पावडर व कोणतेही आंबट द्रव्य, विशेषतः बाजारातील ॲसिड, कदापि एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो, आणि लहानशा बंद खोलीत तो माणसाची छाती भाजून काढतो. मूत्र साचलेल्या जागीही ब्लीचिंग पावडर आधी पाणी ओतल्याशिवाय टाकू नये. दार उघडे ठेवूनच काम करावे, आणि शेवटी कुंचा धुऊन उन्हात ठेवावा व हात साबणाने धुवावेत.

दोन खड्ड्यांचा संडास असेल तर ब्लीचिंग पावडर व फिनेल फार ओतू नये. खड्ड्यातील ज्या सूक्ष्म जीवांनी मैल्याचे खत करावयाचे तेच मरतात. उतरते भांडे असल्यास दीड-दोन लिटर पाणी पुरते, आणि त्यास कपडे विसळलेले पाणीही चालते. टंचाईच्या उन्हाळ्यात ही सोय मोठी आहे. चिंध्या, केस, कागद आत टाकू नयेत. एक खड्डा भरला की मधल्या कुंडीतील तोंड फिरवून दुसरा सुरू करावा. पहिला दोन वर्षे झाकून तसाच ठेवला म्हणजे आत कोरडे, वास नसलेले खत होते, आणि घरधन्याने ते फावड्याने काढून शेतात घालावे. ज्यांच्या घरी मैल्याची टाकी आहे त्यांनी यंत्राची गाडीच बोलवावी. टाकीत माणूस उतरवू नये. पैसे दिले तरी नाही, तो स्वतः तयार झाला तरी नाही; आतील वायू एका श्वासात माणूस पाडतो, आणि त्याला काढण्यास उतरलेला दुसराही वर येत नाही.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांसाठी एक सूचना. भांड्याखालच्या वाकड्या नळीत जे थोडे पाणी राहते तेच खड्ड्याचा वास व किडे अडवून धरते. घर महिनोन्‌महिने बंद राहिले की ते आटते. निघण्यापूर्वी भांडे धुऊन नळीत स्वच्छ पाणी ओतावे, वर चमचाभर गोडेतेल सोडावे म्हणजे पाणी सावकाश आटते, आणि भांड्यावर फळी ठेवावी.

येथे कोणी समजू नये की, भांडे पांढरे झाले म्हणजे अंतःकरणही झाले. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभूने शौचकूपाचा उल्लेख केला तो हेच सांगावयास की, मनुष्याला भ्रष्ट करणारी गोष्ट पोटातून नव्हे, अंतःकरणातून निघते. घरचा संडास आरशासारखा ठेवून जो सफाई कामगारास घरात पाणी देत नाही, त्याच्या छावणीत फिरताना देवाच्या दृष्टीस काय पडेल?

मंडळीच्या आवारातील संडासासाठी आमची विनंती अशी आहे. येत्या शनिवारी पंचांनी त्याच्या दारामागे एक कुंचा, एक बादली व लिंबूसत्वाचा डबा ठेवावा आणि पाळीचा कागद लावावा. त्यावर पहिले नाव पाळकाचे अथवा उपदेशकाचे असावे, त्याखाली पंचांची, मग मंडळीतील इतर पुरुषांची. घरच्या सुनांची नावे पहिल्या वर्षी त्या कागदावर नसावीत; त्यांची पाळी आजवर पुष्कळ होऊन गेली आहे.