आजीची श्रद्धा आणि आपला अभ्यास



प्रौढांसाठी श्रद्धावर्ग घेण्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "आमच्या आजीला सहीसुद्धा करता येत नव्हती. तिने बायबल वाचले नाही की कुठला कोर्स केला नाही. पण तिच्याएवढी श्रद्धा आज कोणाकडे आहे? मग हे वर्ग कशाला?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्या पिढीच्या श्रद्धेवरच आपला धर्मग्राम उभा आहे. तेव्हा आपण सरळच विचारू या : श्रद्धेला समजून घेण्याची गरज आहे का? की समजून घ्यायला गेलो की श्रद्धा उणावते?

ख्रिस्तसभेतील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी विश्वासांगीकारावर काही प्रवचने दिली. ती १२७३ सालच्या उपवासकाळात, नेपल्स शहरात, सामान्य लोकांसमोर त्यांच्याच बोलीत दिली असे सांगितले जाते. त्यांत ते म्हणतात, ख्रिस्ताच्या पूर्वी कितीही मोठ्या तत्त्वज्ञाला देवाविषयी जे उमगले नाही ते आज एका साध्या म्हातारीला श्रद्धेमुळे ठाऊक असते. म्हणजे आजीचा मान संत थॉमस यांनी आपल्याआधीच राखला आहे. पण पुढचे पाहा. तो मान राखून ते गप्प बसले नाहीत. त्याच म्हाताऱ्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना त्यांनी विश्वासांगीकाराचे एकेक वाक्य उलगडून सांगितले. साध्या श्रद्धेचा आदर करणे म्हणजे तिला अंधारात ठेवणे नव्हे.

श्रद्धा म्हणजे माहितीचा साठा नाही, हे खरेच आहे. ती देवावरचा विश्वास आहे. पूर्वी लग्न ठरताना वधूवरांची जेमतेम ओळख असे. संसार विश्वासावरच सुरू होई. पण तीस वर्षांनंतर एखादी पत्नी म्हणाली, "माझा नवऱ्यावर विश्वास आहे, त्याच्या मनात काय आहे हे मला जाणून घ्यायचे नाही," तर त्याला आपण प्रेम म्हणू का? विश्वास आधी येतो, पण प्रेम असेल तर जाणून घेण्याची ओढ मागोमाग येतेच.

काहींना भीती वाटते की प्रश्न विचारले तर संशय शिरेल. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडून पाहू या. देवदूताला जखऱ्याने प्रश्न विचारला आणि मरियेनेही विचारला. जखऱ्याला विश्वास ठेवण्याआधी खात्री हवी होती. मरियेला हे कसे घडणार ते समजून घ्यायचे होते आणि तिची तयारी होती. देवाने मरियेच्या प्रश्नाला उत्तर दिले. प्रश्न विचारणे हे पाप नाही. तो कोणत्या मनाने विचारतो यावर सारे अवलंबून आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेलाही हे नवे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे ११ हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्याच्या आरंभीच साष्टीतील एक नवख्रिस्ती पाद्रींकडे मागणी करतो. शिकवणीचे पाठ झाले, पण आपल्या भाषेत मनाला भिडेल असे पुराण आम्हांला हवे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. मागणारा प्रौढ होता. पाठांतरावर त्याचे समाधान झाले नव्हते, आणि त्याला कोणी अश्रद्ध म्हटले नाही.

आपल्यापैकी बहुतेकांचे धर्मशिक्षण दृढीकरण संस्काराबरोबर थांबते. पुढे आयुष्य मोठ्या माणसाचे प्रश्न विचारते आणि आपल्यापाशी उत्तर मात्र शाळकरी वयाचे असते. एक उदाहरण घेऊ या. वडील अतिदक्षता विभागात आहेत. यंत्रावर ठेवूनही उपयोग नाही, असे डॉक्टर सांगतात. यंत्र काढले तर आपण खुनी ठरू काय, या विचाराने मुले आतून पोखरली जातात. पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच भूलतज्ज्ञांपुढे बोलताना याविषयी मार्गदर्शन केले. ख्रिस्तसभेची शिकवण अशी : मृत्यू घडवून आणणे कधीच योग्य नाही, पण फायद्याच्या मानाने फार जड होणारे उपचार थांबवणे म्हणजे हत्या नव्हे. वेदना कमी करणे आणि रुग्णाची नेहमीची काळजी घेणे मात्र सोडता येत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे एखादे कुटुंब वर्षानुवर्षे नसलेल्या पापाचे ओझे वाहते. आपले अज्ञान आपल्यापुरते राहत नाही, ते आपल्या माणसांना भोगावे लागते. म्हणून शिकणे ही केवळ हौस नाही, ते प्रेमाचे कर्तव्य आहे. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रौढांचे धर्मशिक्षण हेच धर्मशिक्षणाचे प्रमुख रूप म्हटले, ते उगाच नव्हे.

आता पुन्हा आजीकडे वळू या. ती खरेच काही शिकली नव्हती का? घंटा वाजली की हात जोडणे, संध्याकाळची घरची जपमाळ, उपवासकाळातील क्रूसाची वाट, शेजारच्या मयताला रात्रभर बसून म्हटलेल्या प्रार्थना, संतांच्या गोष्टी : आजीचा वर्ग बारा महिने चालत असे आणि सारा गाव तिचा शिक्षक होता. तो गाव आता तसा राहिलेला नाही. आपण पहाटेची लोकल पकडतो, मुले परगावी शिकतात, कार्यालयातला मित्र आपुलकीने विचारतो, "तुम्ही मरियेची पूजा करता का?" आणि आपण विषय बदलतो. आजीला जे वातावरणातून मिळाले ते आपल्याला वेळ काढून मिळवावे लागेल, एवढाच फरक आहे.

वर्गात बसल्याने श्रद्धा निर्माण होत नाही. ती देवाचे दान आहे आणि आम्हा धर्मगुरूंच्या फळ्यावरून ती कोणाच्या हृदयात उतरत नाही. पण मिळालेले दान उघडून पाहणे आपल्या हातात आहे. आपल्या वर्गाची सुरुवात आपण विश्वासांगीकारापासूनच करू. दर रविवारी उभे राहून आपण तो म्हणतो. एका वेळी एकच वाक्य घेऊ आणि त्यावर विचारावेसे वाटेल ते सारे विचारू. घरात म्हातारे कोणी असतील तर त्यांनाही सोबत आणू या. शिकवायला त्यांच्याकडेही पुष्कळ आहे.