गळतं कुठे, कोंडतं कुठे

मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला, ब्रेक ड्रमच्या मागून तेलाचा काळपट ओघळ टायरवर उतरलेला दिसला, की जुन्या जीपचा मालक गॅरेजमध्ये पहिलं विचारतो, ‘सील केवढ्याला पडेल?’ सील स्वस्तच असतं. ते बदललं जातं, गाडी संध्याकाळी रस्त्यावर येते, आणि पुष्कळदा पावसाळा सरायच्या आत तोच ओघळ त्याच टायरवर पुन्हा उतरतो. मग बोल दुकानदाराला: माल डुप्लिकेट निघाला.

कधी तो तसा निघतोही. पण काढलेलं सील फेकून देण्याआधी हातात घेऊन बघावं. पत्र्याचं कडं, त्यात रबराची पातळ कड आणि त्या कडेभोवती आवळलेली बारीक स्प्रिंग. एवढ्याशा कडेनं एक्सलचा फिरता दांडा सतत धरून ठेवायचा आणि आतलं गिअर ऑईल बाहेर येऊ द्यायचं नाही. नव्या सीलची कड बोटानं दाबली तर मऊ लवते. जुन्याची कडक झालेली असते, कधी चिरलेलीही. उष्णतेनं आणि वयानं रबराचं असं होतंच. पण कड अजून मऊ आहे, स्प्रिंग जागेवर आहे आणि तरीही तेल येत होतं, तर दोष सीलचा नव्हे. खरं काम तिथून सुरू होतं.

बेअरिंगमध्ये प्ले आला असेल तर दांडा हलतो आणि त्याच्यावर कुठलंच सील टिकत नाही. वर्षानुवर्षं कड एकाच जागी घासून दांड्यावर खाच पडलेली असू शकते. नख फिरवलं की अडकतं. जाणता मिस्त्री अशा वेळी, जागा असेल तर, नवं सील किंचित सरकवून बसवतो, म्हणजे कड खाचेवर न येता कोऱ्या भागावर फिरते. खाच खोल असेल तर स्लीव्ह चढवावी लागते.

आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो ब्रीदर. एक्सलच्या हाउसिंगवर, वरच्या अंगाला बसवलेली एक लहानशी टोपी. आतल्या हवेला ये-जा करायची ती वाट. गाडी घाट चढते, तेल तापतं, आतली हवा फुगते. वाट मोकळी असेल तर काहीच घडत नाही. पण लाल चिखलाच्या रस्त्यांवर वर्षं काढलेल्या गाडीची ही टोपी बहुधा मातीनं लिंपून गेलेली असते. मग कोंडलेली हवा तेलाला रेटते आणि सगळ्यांत मऊ जागेतून वाट काढते. ती जागा म्हणजे सील. उलटंही होतं. तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि त्याच सीलवाटे पाणी आत ओढलं जातं. तेल दुधट दिसू लागलं तर समजावं, पाणी शिरलंय.

जे सगळ्यांत मऊ, तेच गळणार आणि बोलही त्यालाच लागणार, हे मला गाड्यांपुरतं वाटत नाही. घरात कुढणं सगळ्यांचंच चाललेलं असतं. एखादी सून बोलून दाखवते, एखादा मुलगा ताटावरून उठून जातो, आणि सारं घर त्यांना समजवायला निघतं. ती गप्प झाली की मिटलं म्हणतात. दाब आत तेवढाच असतो. आता तो दुसऱ्या कुणातून बाहेर यायचा.

म्हणून कारण शोधायचंच. मात्र त्या नादात दुरुस्ती लांबवू नये, कारण गळलेलं तेल नुसतं जमिनीवर पडत नाही. ते ड्रममध्ये उतरतं, लायनर भिजवतं आणि त्या चाकाचा ब्रेक भरवशाचा राहत नाही. आंबोली किंवा वरंध घाट पावसात उतरताना, मागे दाटीवाटीनं माणसं बसलेली असताना, हे कळून उपयोग काय? भिजलेले लायनर पेट्रोलनं धुऊन, आचेवर शेकून परत बसवण्याची पद्धत सर्रास दिसते. ती सोडून द्यायला हवी. लायनरच्या अंगात मुरलेलं तेल ब्रेक तापला की पुन्हा वर येतं. लायनर नवेच घालावेत, आणि दोन्ही चाकांना, म्हणजे दोन्हीकडचा ब्रेक सारखा धरतो. ओघळ गिअर ऑईलचाच आहे ना, तेही आधी पाहावं. गिअर ऑईल दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. पातळ, गंधकाचा वास नसलेलं काही हाताला लागलं तर बहुधा ब्रेकचा व्हील सिलिंडर गळतोय. ते दुखणं वेगळं आणि तितकंच तातडीचं.

जुनी गाडी बाळगणाऱ्यांना एवढंच सांगणं: पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकदा तरी खाली वाकून ब्रीदरची टोपी शोधा आणि साफ करून घ्या. त्याला पैसे लागत नाहीत. सील बदलायची वेळ आलीच, तर ‘केवढ्याला?’च्या आधी ‘का गेलं?’ हे मिस्त्रीला विचारा.