करवतीची नवी मूठ व जुने ऋण

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील सुताराच्या घरी वाडवडिलांच्या हातची करवत अद्याप आढळते. पाते उत्तम पोलादाचे, परंतु मूठ चिरलेली. जाणता सुतार ती टाकून देत नाही. जुनी मूठ हलकेच सोडवून तिच्यावरून तो वाळलेल्या शिसवी फळीवर आकृती आखितो. लाकडाच्या रेषा मुठीच्या निमुळत्या भागातून लांबीने जातील असे पाहतो, नाही तर ती तेथेच मोडते. मग मधोमध सरळ चीर पाडून पात्याच्या मूळच्या छिद्रांशी तिची छिद्रे जुळवितो. नव्याने जुन्याशी जुळावे, हा त्याचा नियम.

आता समजा, ही करवत कोणी शेजाऱ्याकडून मागून आणिली होती, व मूठ स्वखर्चाने बदलिली. 'मूठ माझी, म्हणून करवत माझी,' असे तो म्हणेल तर गाव हसेल. पुढे पातेही झिजून बदलावे लागले, तर? अथेन्सच्या लोकांनी थेसियसच्या जहाजाच्या कुजक्या फळ्या एकेक करून बदलिल्या, तेव्हा जहाज तेच की दुसरे, यावर तत्त्ववेत्ते वाद करीत, असे प्लुटार्क लिहितो. त्या वादाचा निकाल काहीही लागो. शेजाऱ्याचा हक्क केवळ लाकडात किंवा लोखंडात नव्हता, तो 'परत देईन' या शब्दात होता. शब्द झिजत नाही. अलीशाच्या काळी नदीत पडलेल्या कुऱ्हाडीसाठी तो मनुष्य का कळवळला? ती मागून आणिलेली होती म्हणून (२ राजे ६).

बंधुभगिनींनो, ख्रिस्तात मनुष्य नवा होतो, हे खरे. त्यावरून कोणी म्हणतो, 'बाप्तिस्म्यापूर्वीचा मी मेलो. मग त्याचे कर्ज व त्याने कोरलेला शेजाऱ्याचा बांध यांच्याशी माझा काय संबंध?' परंतु जक्कयाकडे पाहा (लूक १९). ज्या दिवशी तारण त्याच्या घरी आले, त्याच दिवशी त्याने जुना हिशेब स्वतः उघडला, व अन्यायाने घेतलेले चौपट परत देण्यास तो सिद्ध झाला.

नव्या मनुष्याची खूण जुने ऋण विसरण्यात नाही. जे फेडण्याचे बळ जुन्यास नव्हते, ते नवा फेडू लागतो, हीच त्याची खूण. करवतीस नवी मूठ बसवितात ती अर्धवट राहिलेले काम पुरे व्हावे म्हणून. यास्तव ज्याने बांध कोरला असेल, त्याने येत्या प्रभुभोजनापूर्वी तो सरळ करून द्यावा.