साठवण आणि स्मरण

भाविक वाचकहो, हल्ली कीर्तनास उभे राहिले की समोर श्रोत्यांच्या हाती दिवट्यांसारख्या उजळलेल्या काचा दिसतात. अमरावती काय, अकोला काय, सर्वत्र हाच प्रकार. ‘अहो, ऐकता ना?’ असे विचारावे तर सरळ उत्तर येते, “महाराज, आता रेकॉर्डिंग करून ठेवतो, घरी गेल्यावर निवांत आयकीन.” ह्या उत्तरात लबाडी नाही, भावच आहे. म्हणूनच प्रश्न विचार करण्याजोगा आहे. जे साठविले ते ऐकले, असे म्हणता येईल काय?

प्रथम यंत्राच्या बाजूने बोलू. आमच्याही हाती नवा स्मार्टफोन आला आहे. ज्ञानेश्वरीच्या ९००० ओव्यांत एखादा शब्द कोठे कोठे आला, हे तो क्षणात दाखवितो. बारीक अक्षर दोन बोटांनी मोठे होते. संत गाडगेबाबांचे मुंबईस वांद्रे येथे नोव्हेंबर १९५६ मध्ये झालेले अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, बाबांनी अमरावतीजवळ देह ठेवला. तो आवाज आज खेड्यातले पोरही फोनवर ऐकू शकते. २०२० साली कोरोनामुळे पायी वारी झाली नाही, तेव्हा कित्येकांनी आषाढीचा सोहळा ह्याच काचेत पाहिला. अशा साधनास नावे ठेवणे हा कृतघ्नपणा होईल.

परंतु साधन उपकारक आहे एवढ्यावरून ते साध्याच्या जागी बसत नाही. न्यायशास्त्रात मन अणुपरिमाण मानले आहे. एका क्षणी त्याचा संयोग एकाच इंद्रियाशी होतो, म्हणून दोन ज्ञाने एकदम होत नाहीत. चित्र काचेत नीट बसते की नाही, हे पाहणारे मन त्याच क्षणी अर्थाकडे कसे असेल? कान उघडे आहेत खरे, पण मन दारात चपला राखीत बसले!

येथे कोणी म्हणेल, ‘महाराज, पोथी तरी दुसरे काय? तीही साठवणच.’ खरे आहे. पण पोथी सोडली म्हणजे समोर पोथीच असते. ह्या काचेत हरिपाठाच्या शेजारी कापसाचा भाव, त्याच्या शेजारी सोयाबीनचा, आणि खाली व्हॉट्सॲपवरचे भांडण! बोट सरकते नि मन त्याच्यामागे जाते. ते कीर्तन मग तसेच पडून राहते. दोष यंत्राचा नव्हे, ‘आपल्याजवळ आहे’ ह्या खोट्या समाधानाचा आहे. कोठीत ज्वारी भरली म्हणून पोट भरत नाही. दळावी लागते, भाकर थापावी लागते, चावावी लागते. श्रवणानंतर मनन आणि निदिध्यासन सांगितले ते ह्याचसाठी. ती दोन्ही दुसऱ्याकडून करवून घेता येत नाहीत.

आपल्या वऱ्हाडातच ह्याचे उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे १८८१ साली जन्मलेल्या श्रीगुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. इतरांनी ग्रंथ वाचावे, महाराजांनी ऐकावे. १९१५ साली, उण्यापुऱ्या ३४ वर्षांच्या वयात देह ठेवला. तेवढ्यात त्या ज्ञानेश्वरकन्येने केवढी ग्रंथसंपदा सांगून लिहविली! त्यांच्यापाशी साठवण्याचे यंत्र नव्हते. जे कानी पडले ते अंतःकरणात मुरले.

तेव्हा फोन टाकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. सप्ताहात वीणा एकच असते, पाळीपाळीने एकेकजण ती गळ्यात घेतो, बाकीचे भजनात रंगतात. तसेच एकाने चित्रण करावे, इतरांनी फोन पिशवीत ठेवावे. आणि घरी गेल्यावर, काच न पाहता, ऐकलेली एक तरी गोष्ट घरच्या माणसांना आपल्या तोंडाने सांगावी. जेवढे सांगता येईल तेवढेच आपले झाले, असे समजावे. उरलेले यंत्राचे आहे, आणि यंत्राला भवसागर तरावयाचा नाही.

रामकृष्ण हरि.